एक रविवार कान्हेरीच्या कातळावर

"घरी काय सांगू? चित्र काढायला चालले म्हणू?" आमच्यातल्या एकीने निघण्याआधी विचारले. सगळ्या हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आम्ही सातजणी. कोणी आशा सेविका, कोणी घरकाम करणारी, कोणी रुग्णालयातली नोकरी सोडून वस्तीत काम करणारी. तपासणीला येणाऱ्या बायांना आम्ही 'विश्रांती घ्या' असे नेहमी सांगतो. वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप, आखडलेली मान हे आमच्याही घरचेच. पण स्वतःसाठी दोन तास नुसते बसायचे म्हटले की लाज वाटते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. विश्रांती हा हक्क आहे. बाईने मात्र तो घरात अजून मागितलेला नाही.

म्हणून थंडीतल्या एका रविवारी आम्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी गाठली. कान्हेरी म्हणजे कण्हगिरी, काळा डोंगर. शंभराहून अधिक लेणी, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याच्या पोढ्या. भिक्खूंनी वर्षावासासाठी निवडलेली ही जागा आजही मन शांत करते.

सामान थोडेच: जलरंगांची छोटी पेटी, एक जाड व एक बारीक ब्रश, जाड कागद, पाण्याचा डबा, जुने फडके. जलरंगात आधी फिका रंग, मग गडद. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. कातळासाठी नुसता काळा रंग घेतला की चित्र मरते. निळ्यात तपकिरी मिसळला की दगड जिवंत होतो. पहिला हात वाळेपर्यंत थांबावेच लागते. घाई केली की रंग एकमेकांत पसरतात. हे थांबणेच आम्हाला सर्वांत अवघड गेले. हात मोकळे ठेवायची सवयच नाही!

काही काळज्या घ्या. ब्रश तोंडात घालून टोक करू नका; काही रंगांत विषारी धातू असतात. रंगाचे पाणी पोढीत किंवा ओढ्यात ओतू नका, बाटलीत भरून परत आणा. दर वीस मिनिटांनी उठा, मान फिरवा, दूरच्या झाडाकडे पाहा. प्यायचे पाणी आणि रंगाचे पाणी वेगळे ठेवा. माकडांसमोर डबा उघडू नका. माकड चावले वा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. हळद, चुना लावू नका. सोमवारी लेणी बंद असतात.

चित्र हे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. पण त्या रात्री शांत झोप लागली, असे चौघींनी सांगितले.

आमची चित्रे काही भिंतीवर लावण्याजोगी नाहीत. एकीचा डोंगर तर उलट्या टोपलीसारखा दिसतो. तरी ते चित्र तिने घरी फडताळावर ठेवले आहे. नवऱ्याने विचारले, "हे कधी काढलेस?" ती म्हणाली, "रविवारी. पुढच्या रविवारीही जाणार आहे. भात तुम्ही लावा."