मालक श्रीमंत, मग क्लब का बुडतो?

एखाद्या फुटबॉल क्लबला अचानक धनाढ्य मालक मिळाला की चाहत्यांची दिवाळी होते. पण त्या पैशाने क्लबचं खरंच भलं होतं का? हे समजून घ्यायला इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स पाहू. या क्लबला दोनदा श्रीमंत मालक मिळाले. दुसऱ्या वेळचे तर आपल्या पुण्याचे!

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुन्या कापडगिरण्यांचं शहर. तिथेच वाढलेल्या जॅक वॉकर यांनी आपला पोलादाचा धंदा विकला आणि 1991 मध्ये क्लब हाती घेतला. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत तळाशी चाचपडत होता. वॉकर यांनी केनी डॅलग्लिश यांना व्यवस्थापक म्हणून आणलं. 1992 मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. मग अ‍ॅलन शिअरर आले, 1994 मध्ये ख्रिस सटन आले, दोघेही विक्रमी किमतीला. आणि 1995 मध्ये क्लब 81 वर्षांनी इंग्लंडचा विजेता झाला.

पुढे काय झालं? डॅलग्लिश यांनी व्यवस्थापकपद सोडलं. 1996 मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेले. 1999 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत!

म्हणजे वॉकर यांचा पैसा पाण्यात गेला का? नाही. त्यांनी फक्त खेळाडू विकत घेतले नव्हते. इवूड पार्क हे मैदान नव्याने बांधलं, सरावकेंद्र आणि अकादमी उभी केली. खेळाडू जातात, या गोष्टी राहतात. 2000 मध्ये वॉकर वारले. तरी 2001 मध्ये संघ परत वर आला आणि 2002 मध्ये लीग कप जिंकला.

नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने क्लब घेतला. महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलार्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे संकट नव्हतं. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांनी मुख्य व्यवस्थापक म्हणून आधी कधीच काम केलं नव्हतं. 2012 मध्ये संघ घसरला. पुढच्या एका हंगामात व्यवस्थापकांची रांगच लागली. 2017 मध्ये क्लब थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. वर्षभरात तो परत दुसऱ्या श्रेणीत आला, हेही खरं.

गंमत बघा, मालकांनी हात आखडता घेतला असं नाही. वर्षानुवर्षं तोटा तेच भरत आले. मग चुकलं कुठे? पैसा होता, पण फुटबॉलचे निर्णय घेणारं जाणकार माणूस खुर्चीवर टिकत नव्हतं.

आता हिशेब समजून घ्या. खेळाडूची किंमत एकदा मोजायची, पगार मात्र दर आठवड्याला. संघ घसरला की टीव्हीचं उत्पन्न झपकन आटतं, पण करारातले मोठे पगार तितक्या वेगाने कमी होत नाहीत. ती खाई मालकाच्या खिशातून भरावी लागते. म्हणजे क्लबचा श्वास एका खिशावर चालतो. तो खिसा अडला तर? 2023 मध्ये भारतातून क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला मोठ्या किमतीला विकला गेला. वॉकर यांनी रुजवलेली आणि नव्या मालकांनीही जपलेली ती अकादमी कामी आली.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही क्लबला, अगदी आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या संघालाही, नवा धनिक मालक मिळाला तर तीन प्रश्न विचारा. फुटबॉलचे निर्णय कोण घेणार? पैसा मैदानात आणि अकादमीत जाणार की नुसत्या पगारांत? आणि उद्या मालक निघून गेला, तर क्लबकडे काय उरेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत फटाके जपून ठेवा.