सरकारी इमारतीचे तारे आणि आपली माती



ऊस गेल्यावर आपण खोडव्याची काळजी घेतो. गावातली सरकारी इमारत मात्र फीत कापली की विसरतो. म्हणून हे चार शब्द.

इमारत पाणी, वीज आणि माती किती वाचवते ते तपासून गुण देणारी ‘गृह’ ही राष्ट्रीय पद्धत २००७ साली आली. टेरी ही संस्था व केंद्राचे नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ती बसविली. गुणांवर एक ते पाच तारे मिळतात. केंद्र सरकारने आपल्या नव्या इमारतींना किमान तीन ताऱ्यांची अट घातली. लहान इमारतींसाठी ‘स्वगृह’ आहे.

यात आपला संबंध काय? पहिला मातीचा. तांबड्या विटेसाठी शेताचा वरचा थर जातो. तो गेला की खत कितीही ओता, ऊस उभा राहत नाही. औष्णिक केंद्राची राख विटांना वापरा, हा केंद्राचा १९९९ चा आदेश ही माती वाचवायलाच निघाला.

दुसरा पाण्याचा. तासगाव भाग कमी पावसाचा. १०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. पन्हाळ, टाकी नसेल तर ते गटारात!

तेव्हा शाळा वा दवाखाना मंजूर झाला की ग्रामसभेत विचारा: वीट कसली? छताचं पाणी कुठं जाणार? भर दुपारी दिव्याविना फळा दिसेल का? पाया काढण्याआधी विचारा. स्लॅब टाकल्यावर नकाशा बदलत नसतो. आणि आपल्या रानाची माती भट्टीला देऊ नका.