दोन वर्षांची सोबत : घरच्या बागेतील द्विवर्षायू झाडे

झेंडूचे रोप चार महिन्यांत फुलते आणि संपते. मोगरा एकदा लावला की वर्षानुवर्षे साथ देतो. या दोघांच्या मधला एक गट आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ही झाडे पहिल्या वर्षी फक्त पाने वाढवतात आणि मुळात किंवा कंदात अन्न साठवतात. दुसऱ्या वर्षी ती साठवण खर्च करून फुले व बी देतात आणि मग वाळून जातात. शाळेच्या पुस्तकात त्यांना द्विवर्षायू वनस्पती म्हटले आहे. गंमत अशी की आपल्या स्वयंपाकघरातली अर्धी टोपली याच गटातली असते. कांदा, गाजर, बीट, कोबी हे सारे द्विवर्षायू. आपण त्यांना पहिल्या वर्षाच्या शेवटीच उपटून खातो, म्हणून त्यांचे फूल कधी पाहत नाही.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात अशी झाडे लावावीत का, हा प्रश्न रास्त आहे. पैठणच्या नाथसागरातून पाणी येते खरे, पण नळाला ते रोज येत नाही. ड्रम आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. ज्या घरात हंडाभर पाण्याचाही हिशोब होतो, तिथे फुलासाठी दीड-दोन वर्षे वाट पाहायला लावणारे झाड कोण पोसणार? पण थोडी निवड केली तर हाच गट आपल्याला परवडणारा आहे. कारण यातली काही झाडे आपला विसाव्याचा काळ मातीबाहेर, पाण्याच्या एका थेंबाशिवाय काढू शकतात.

हवामान काय म्हणते?

बहुतेक द्विवर्षायू झाडांना फुलण्याआधी थंडी लागते. काही आठवडे गारवा मिळाला की आतला फुलोरा जागा होतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एवढी थंडी कांद्याला पुरते, कोबीला पुरत नाही. म्हणूनच कोबीचे बी हिमाचलातल्या कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात धरले जाते. परदेशी पुस्तकांत किंवा व्हिडिओंत दिसणारे फॉक्सग्लोव्हही थंड हवेचे झाड आहे. शिवाय ते विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरात नकोच. आपल्याला शोभतील अशी दोन नावे पुरेशी आहेत : फुलांत गुलखैरा आणि भाजीत कांदा.

गुलखैरा

नर्सरीत ज्याला हॉलीहॉक म्हणतात, तोच आपला गुलखैरा. युनानी दवाखान्यातली खतमी याच कुळातली, त्यामुळे हे नाव आजी-नानींच्या कानावरून गेलेले असते. (घरच्या फुलांचे औषध मात्र हकीमसाहेबांना विचारल्याशिवाय करू नये.) भेंडीच्या फुलासारखी मोठी, गुलाबी, पांढरी किंवा गडद लाल फुले उंच दांड्यावर खालून वर उमलत जातात. दांडा पाच-सहा फूट सहज होतो.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा पेरणीचा काळ. याचे मूळ सरळ खोल जाते, म्हणून रोप वारंवार हलवू नये. बी थेट जागेवर किंवा किमान चौदा इंच खोल कुंडीत पेरावे. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर हवे. सुरुवातीचे दोन-तीन महिने पाने जमिनीलगत पसरतील आणि झाड वाढतच नाही असे वाटेल. तसे नसते, खाली मुळाचे काम चालू असते. थंडी मिळाली की दांडा वर निघतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात. इतरत्र दीड वर्षाचे असलेले हे चक्र आपल्याकडे एका हिवाळ्यात बसते. दांड्याला काठीचा आधार द्यावा. पानांच्या मागे नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा रोग. अशी पाने तोडून टाकावीत आणि पाणी पानांवर न ओतता बुडाशी घालावे. शेवटी चाकासारख्या गोल बोंडात चपट्या बिया तयार होतात. बोंडे तपकिरी झाली की त्या काढून कागदी पाकिटात ठेवाव्यात.

कांद्याचे फूल

बिरयानीसाठी बिरिस्ता तळताना आपण किलोभर कांदा सहज चिरतो. त्यातलेच पाच-सहा कांदे बाजूला ठेवले तर पुढचे बी घरचे होऊ शकते. बाजारात बियांचे भाव वर-खाली होतात आणि कधी जुने बीही हाती पडते. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती साधारण वर्षभरच चांगली राहते, त्यामुळे जुने बी म्हणजे रिकामा वाफा.

यासाठी उन्हाळी, म्हणजे रब्बीचा, टिकाऊ कांदा घ्यावा. खरिपाचा कांदा साठवणीत टिकत नाही. संकरित जातीच्या कांद्याचे बीही उपयोगाचे नसते, पुढची पिढी त्याच्यासारखी निघत नाही. एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती अशा सरळ वाणाचा कांदा ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाला तर उत्तम. एप्रिलमध्ये घेतलेले कांदे हवेशीर जागी, टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत टांगून ठेवावेत. उन्हाळा आणि पावसाळा ते असेच काढतात. टंचाईच्या ऐन महिन्यांत या झाडाला पाणी द्यावेच लागत नाही.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये निवड करावी. मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, घट्ट आणि न सडलेले कांदे ठेवावेत. जोड कांदा बाजूला काढावा. भाजीच्या क्रेटमध्ये आतून गोणपाट लावून माती भरली की पाच-सहा कांदे वीतभर अंतरावर बसतात. कोंब लवकर यावेत म्हणून शेतकरी कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग कापून लावतात, घरीही तसे करता येते. पुढे हिरवे पोकळ दांडे, म्हणजे डेंगळे, निघतात. एरवी डेंगळा आला की गृहिणी नाराज होते, कारण तो कांदा खायला बरा लागत नाही. इथे मात्र आपण त्याचीच वाट पाहत असतो. डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात आणि त्यांवर मधमाश्या दिवसभर येतात. त्यांच्याशिवाय बी धरत नाही, म्हणून या दिवसांत कोणतीही फवारणी नको. लाल आणि पांढरा कांदा जवळजवळ लावू नये, बी मिसळते.

मार्च-एप्रिलमध्ये गोंड्यातली काही बोंडे फुटून काळे बी दिसू लागले की गोंडा कापावा. उशीर केला तर बी गळून जाते. सावलीत वाळवून, हाताने चोळून, पाखडून ते कोरड्या बंद डब्यात ठेवावे आणि डब्यावर तारीख लिहावी. हेच बी पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पेरायचे. बी ते कांदा आणि कांदा ते पुन्हा बी, असा हा दीड वर्षाचा प्रवास आहे. मुलांनी तो वहीत नोंदवला तर विज्ञानाचा एक धडा घरीच शिकून होईल.

गाजराचा प्रयोग

हलव्यासाठी आणलेल्या लाल देशी गाजराचा डोक्याकडचा बोटभर लांब, न सुकलेला तुकडा जानेवारीत कुंडीत लावून पाहावा. उत्तरेकडच्या मैदानी भागात देशी गाजराचे बी असेच मूळ पुन्हा लावून धरतात. कोथिंबिरीच्या फुलासारखा, पण मोठा पांढरा छत्रीदार फुलोरा येतो. नारिंगी परदेशी गाजराला जास्त थंडी लागते, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

माती आणि पाणी

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात कंद कुजतो. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी वाळू, शिवाय मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करावे. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. वर वाळक्या पानांचा थर दिला की ओल टिकते.

वुजूचे पाणी वाया जाऊ देऊ नका. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते थेट झाडांना चालते. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणीही तसेच. नळाखाली टब ठेवण्याची सवय लागली की चार-पाच कुंड्यांची सोय होऊन जाते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने हे शहर वसवताना डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. हिमायतबाग आणि मकबऱ्याचा बाग याच शहरात बहरले. इथली बाग पाण्याच्या नियोजनावरच उभी राहिली आहे, मग ती राजाची असो वा गच्चीवरची.

लक्षात ठेवा

एप्रिल : रब्बीचे टिकाऊ कांदे निवडून टांगणे.
सप्टेंबर-ऑक्टोबर : गुलखैऱ्याची पेरणी.
नोव्हेंबर : क्रेटमध्ये कांदे लावणे.
जानेवारी : गाजराचे शेंडे लावणे.
फेब्रुवारी-मार्च : फुले, फवारणी बंद.
मार्च-एप्रिल : बी काढणे, वाळवणे, डब्यावर तारीख.

यंदा निदान पाच कांदे टोपलीतून बाजूला काढा. बी हाती आले की त्यातले थोडे शेजारच्या घरीही द्या. वर्षभरात पेरले नाही तर ते वायाच जायचे.