मेणात जपलेला तुकडा

फवारणीच्या पंपाचा पट्टा काखेखाली रुतायला लागला, तेव्हा काकांच्या हाताला गाठ लागली. रिसोड तालुक्यात तेव्हा सोयाबीन फुलावर होतं. "दुखत नाही, तं डॉक्टरकडं कायले जाऊ?" म्हणत त्यांनी दिवाळी काढली. तोवर लिंबाएवढ्या गाठीचं संत्रं झालं होतं. एका दवाखान्यात ती चरबीची समजून काढली. आधी ना स्कॅन, ना तुकडा तपासणी. गाठ फॉर्मेलिनच्या बरणीतून अकोल्याच्या लॅबला गेली, एवढं मात्र नशीब. रिपोर्टात आलं: सार्कोमा.

पुढच्या तपासणीसाठी ब्लॉक आणायला मी लॅबमध्ये गेलो. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान मेणाची वडी, तिच्या पोटात काकांच्या गाठीचा पांढरट तुकडा. तंत्रज्ञाने ती बर्फावर थंड केली, पंखा बंद केला आणि मायक्रोटोमचं चाक फिरवलं. पात्यावरून मेणाची फीत निघाली. जाडी तीन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले तीन-चार. ब्रशने ती कोमट पाण्यावर सोडताच सुरकुत्या उलगडल्या, आणि त्याने अलगद काचपट्टीवर उचलून घेतली. मग त्याने काकांची जुनी, रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली. गुलाबी पार्श्वभूमीवर चातीसारख्या लांबट, जांभळ्या पेशी, एकमेकींत घुसलेल्या. काकांच्या बरगडीवर हे महिनोन्‌महिने वाढत होतं आणि आम्ही त्याला चरबी म्हणत होतो.

प्रौढांच्या कर्करोगांत सार्कोमा शंभरात एखादा. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणं, जिथून उगवेल तसा प्रकार वेगळा. असे पन्नासांहून जास्त प्रकार. नुसत्या रंगावरून ते नेहमी ओळखू येत नाहीत. पेशींतली ठरावीक प्रथिनं ओळखणारे 'मार्कर' लावावे लागतात, आणि प्रत्येक मार्करला त्याच वडीतून नवा काप लागतो. वडी संपली की संपली. म्हणून परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंतच्या प्रवासात ती डबी मी बॅगेत न टाकता खिशातच ठेवली.

तिथल्या सर्जननी आधी पाहिला तो टाक्यांचा व्रण. गाठ चिरून काढताना पेशी आजूबाजूला सांडलेल्या असू शकतात. त्यामुळे व्रणासकट भोवतालचं मांस, खालच्या दोन बरगड्या काढायच्या आणि पोकळीवर जाळी बसवायची, असं ठरलं. हा आजार बहुधा आधी फुप्फुसात पसरतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही झाला. सुरुवातीलाच जाड सुईने तुकडा घेतला असता, तर शस्त्रक्रिया एकदाच आणि नीट आखून झाली असती.

गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल किंवा खोल रुतलेली वाटत असेल, तर दुखत नसली तरी ती चिरण्याआधी स्कॅन आणि सुईने तुकडा तपासणी झालीच पाहिजे. आणि गाठ आधीच काढली असेल, तर आजच लॅबमध्ये जाऊन ब्लॉक मागून घ्या.