फरशीवरील ओरखडे : परीक्षा, उपाय आणि यतना

पर्युषणास आठ दिवस उरले होते. बाजारपेठेच्या एका गावातील व्यापारी कुटुंबाच्या दिवाणखान्यात, नव्या पांढऱ्या फरशीवर कपाटापासून खिडकीपर्यंत पाच-सहा काळपट रेघा उमटलेल्या दिसल्या. सासूबाईंनी सुनेस विचारले, सुनेने घरकामाच्या मावशींना. जाळी काढण्यासाठी मावशींनी लोखंडी स्टूल ओढत नेले होते, हे त्यांनी कबूल केले. ‘नव्या फरशीची नासाडी केली’ असा ठपका त्यांच्यावर आला आणि पगारातून काही रक्कम कापण्याचे ठरले. फरशी बदलण्याचा खर्च किती येईल हे विचारण्यासाठी कारागिरास बोलावणे गेले. त्याने रेघेवरून नख फिरवले, ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेतला आणि दोन मिनिटे हलक्या हाताने चोळले. रेघ नाहीशी झाली. घरात क्षणभर कोणीच काही बोलले नाही.

फरशीवर ओरखडा पडलेलाच नव्हता. तरीही दोष ठरला होता, दंड ठरला होता आणि खर्चाचा अंदाजही मागवला गेला होता. पेढीवर एखादे येणे बुडीत ठरवण्यापूर्वी खाते नीट तपासले जाते. घरातील फरशीच्या बाबतीतही तोच नियम पाळला, तर बराच खर्च आणि त्याहून अधिक मनस्ताप वाचतो.

रेघ जमेची की नावेची?

सिरॅमिक टाइल म्हणजे माती, फेल्डस्पार व वाळूची भुकटी दाबून भट्टीत भाजलेली पाटी. तिच्यावर काचेसारखा जो कठीण मुलामा असतो, त्यास ग्लेझ म्हणतात. हा थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. फरशीचा रंग, नक्षी आणि चकाकी त्यावरच अवलंबून असते.

कोणता पदार्थ कोणावर ओरखडा काढू शकतो, हे मोजण्यासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी 1812 मध्ये एक ते दहा अशी श्रेणी मांडली. तिच्यात हिरा 10 आणि वाळूतील क्वार्ट्झ 7 या स्थानी आहे. फरशीचे ग्लेझ साधारणपणे 5 ते 6 च्या आसपास असते, तर ॲल्युमिनियम त्याहून बरेच मऊ असते आणि साधे लोखंडही बहुधा ग्लेझपेक्षा मऊच ठरते. यावरून दोन गोष्टी निघतात. चपलेच्या तळव्यास चिकटून आलेला वाळूचा बारीक कण फरशीस कापू शकतो. उलट स्टुलाचा लोखंडी पाय किंवा ॲल्युमिनियमचे पातेले फरशीवरून ओढले, तर बहुधा झिजतो तो धातूच. त्याचा सूक्ष्म अंश ग्लेझवर घासून बसतो आणि काळी-राखी रेघ दिसते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर ही फरशीच्या खात्यातील तूट नसून स्टुलाच्या खात्यातून आलेली जमा आहे. चकाकी नसलेल्या, किंचित खरबरीत टाइलवर अशा रेघा अधिक उमटतात.

तीन सोप्या परीक्षा

पहिली परीक्षा नखाची. जागा पुसून कोरडी करावी आणि रेघेवर आडवे नख फिरवावे. नख अडखळले तर चर पडला आहे. सहज सरकले तर रेघ वरवरची आहे.

दुसरी परीक्षा पाण्याची. रेघेवर ओले बोट फिरवावे. रेघ दिसेनाशी होऊन वाळल्यावर पुन्हा दिसू लागली, तर ते सूक्ष्म ओरखडे होत. ओली असतानाही ती तितकीच काळी राहिली, तर तेथे धातू किंवा मळ बसलेला आहे.

तिसरी परीक्षा प्रकाशाची. रात्री दिवे मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरावी. खरे ओरखडे केसासारखे चमकतात आणि त्यांची दिशाही कळते. दारापासून आत येणारे असंख्य बारीक ओरखडे वाळूचे असतात. खुर्चीपाशी दिसणारे अर्धवर्तुळाकार ओरखडे खुर्चीच्या पायाखाली अडकलेल्या खड्यांचे.

जसा दोष, तसा उपाय

धातूच्या रेघेसाठी खाण्याच्या सोड्याचा ओला लेप पुरेसा होतो. सोडा ग्लेझपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे तो मळ काढतो, पण फरशीस इजा करत नाही. तरीही आधी कोपऱ्यात थोडा करून पाहावा आणि शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे.

ग्लेझवरील बारीक ओरखडा भरून येत नाही. मेण लावल्याने तो काही दिवस झाकला जातो. मात्र जमीन निसरडी होते. ज्या घरात वृद्ध मंडळी आहेत, तेथे मेणाचा उपाय टाळावा.

आतील माती दिसेपर्यंत चर गेला असेल, तर त्यात पाणी व मळ मुरू लागतो. तो भरण्यासाठी दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सी मिळते. फरशीच्या रंगाशी जुळणारा रंग मिसळून, चर कोरडा करून ते भरावे, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने समतल करावे आणि पुरते सुकेपर्यंत त्यावर पाय पडू देऊ नये.

पॉलिश केलेल्या, ग्लेझ नसलेल्या व्हिट्रिफाइड टाइलचे मात्र वेगळे आहे. तिचा रंग काही मिलिमीटर आतपर्यंत असतो. म्हणून जाणकार कारागीर हिऱ्याच्या कणांच्या चकत्यांनी तिचे ओरखडे बरेच कमी करू शकतो. तोच प्रयोग ग्लेझ असलेल्या टाइलवर केला, तर नक्षीच निघून जाईल. घरात कोणती टाइल आहे, हे उरलेल्या तुकड्याच्या कडेवरून कळते. वरची नक्षी कडेत कोठेच उतरलेली नसेल, तर ती ग्लेझची समजावी.

तारेची घासणी कधीही वापरू नये. तिचे तुकडे सांध्यात अडकून गंजतात. हिरव्या घासणीतही कठीण खनिजाचे कण असतात. फरशीच्या ॲसिडने ओरखडा जात नाही. टाइलमधील सिमेंटचे सांधे मात्र खाल्ले जातात. ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय ते पाणी मोरीतून जेथे जाते, तेथील सूक्ष्म जीवांचा विचार जैन घरात तरी व्हावयास हवा.

खरेदीच्या वेळीच तरतूद

एकच टाइल बदलणे शक्य असते. अडचण येते ती जोड मिळण्याची. त्याच नमुन्याची टाइल पुढच्या भट्टीत किंचित निराळ्या छटेची निघू शकते. म्हणून काम पूर्ण झाल्यावर एक पेटी घरात राखून ठेवावी आणि पेटीवरील बॅच व छटेचा क्रमांक बिलासोबत जपावा. आज ही रक्कम अडकून पडल्यासारखी वाटते. दहा वर्षांनी तीच पेटी संपूर्ण दिवाणखाना उखडण्याचा खर्च वाचवते.

ग्लेझ असलेल्या टाइलची झीज सोसण्याची क्षमता पीईआय श्रेणीने दर्शवतात. ती 0 ते 5 अशी असते. 0 केवळ भिंतीसाठी, 3 घरातील नित्य वावरासाठी, 4 व 5 अधिक वर्दळीसाठी. दुकान आणि घर एकाच इमारतीत असेल, तर दोन्हीकडे एकच टाइल घालण्यापूर्वी ही श्रेणी दुकानदारास अवश्य विचारावी. गडद व चकचकीत टाइलवर ओरखडे अधिक उठून दिसतात, हेही लक्षात ठेवावे.

यतना हाच खरा उपाय

साधूंच्या हाती असणाऱ्या रजोहरणाचा अर्थच मुळी ‘रज दूर करणारे’. त्याच्या मऊ लोकरी फळ्या किंवा दिगंबर मुनींची मयूरपिच्छी जागा पुसते ती जीव दुखावणार नाही अशा बेताने. घरातील फरशीसही नेमका असाच हात हवा असतो. आधी मऊ कुंच्याने कोरडा केर काढावा, नंतर ओले फडके फिरवावे. क्रम उलटला तर फडक्याखालील वाळू सबंध खोलीभर फिरते. उंबऱ्याबाहेर जाड व आत मऊ अशी दोन पायपुसणी ठेवावीत. कपाट किंवा तिजोरी हलवताना खाली जुनी सतरंजी सरकवावी. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्यात, पण त्यात खडे रुततात म्हणून त्या वरचेवर बदलाव्यात. यात खर्च नाममात्र आहे. लागते ते लक्ष.

त्या घरी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीप्रमाणे कामावर आल्या. सासूबाईंनी हात जोडून त्यांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले आणि पूर्ण पगार हातावर ठेवला. लोखंडी स्टुलाच्या चारही पायांना त्याआधीच रबरी टोप्या बसवलेल्या होत्या.