बंद कारखान्याच्या जमिनीवर रेल्वेचा यार्ड : हिस्सा कोणाचा?

कारखाना बंद पडला की सर्वांत आधी कामगार बाहेर पडतो. मग यंत्रे भंगारात जातात, पत्रे उचकटले जातात आणि शेवटी उरते ती जमीन. या उरलेल्या जमिनीचे काय करायचे, याचा निर्णय मंत्रालयात, महामंडळाच्या कार्यालयात आणि बँकेत होतो. ज्या गावाने ती जमीन दिली त्या गावाला निर्णयाची बातमी वर्तमानपत्रातून कळते. आता अशा जागांना नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. ते म्हणजे रेल्वेची मालवाहतूक. १५ डिसेंबर २०२१ रोजी रेल्वेने ‘गतिशक्ती कार्गो टर्मिनल’चे धोरण आणले. रेल्वेच्या जागेवर किंवा खासगी जागेवर माल उतरवण्याचे, साठवण्याचे आणि वाघिणी उभ्या करण्याचे यार्ड खासगी चालकांनी उभारावेत, असे हे धोरण आहे. त्यानंतर ७ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा कामासाठी रेल्वेच्या जमिनीचा भाडेपट्टा ३५ वर्षांपर्यंत वाढवला आणि भाडे बाजारभावाच्या दीड टक्क्यावर आणले. महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांनी हे धोरण आजच समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे रेल्वेही आहे आणि बंद पडलेले कारखानेही आहेत.

आधी रेल्वेची स्थिती पाहू. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा जून १९९३ मध्ये सुरू झाला, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. वीर, सापे-वामने, करंजाडी, विन्हेरे ही स्थानके महाड तालुक्यात आहेत. पण महाड शहरात रेल्वे नाही आणि पोलादपूर तालुक्याला तर एकही स्थानक नाही. महाड औद्योगिक क्षेत्राचा कच्चा आणि पक्का माल टँकर-ट्रकमधून राष्ट्रीय महामार्गाने जातो. त्याच महामार्गावरून चाकरमानी, शाळेची पोरे आणि रुग्णवाहिकाही जातात. ट्रक थेट वाघिणीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी याच रायगड जिल्ह्यातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत सुरू केली. कोलाडला जे जमले ते महाडला का जमू नये, हा प्रश्न रास्तच आहे.

म्हणून माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माल रस्त्यावरून रूळावर जात असेल तर ते स्वागतार्ह आहे. आणि त्यासाठी नव्या भातशेतीऐवजी बंद कारखान्याची जागा वापरली जात असेल तर तेही योग्यच आहे. पण ‘पडीक जागा आहे, कोणाचे काय जाते?’ हा जो युक्तिवाद अशा वेळी केला जातो, तो मान्य करता येणार नाही. कोणाचे काय जाते, याचा हिशेब मांडल्यावर हा विषय निराळाच दिसू लागतो.

पहिला हिशेब जमिनीचा. यार्ड म्हणजे चार रूळ टाकले आणि झाले, असे नसते. पूर्ण लांबीची मालगाडी सुमारे ७०० मीटर भरते. ती सरळ उभी राहील एवढी सलग जागा लागते. उभी केलेली वाघीण आपोआप घरंगळू नये म्हणून यार्डाचा उतार ४०० मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे जमीन जवळजवळ सपाट हवी. महाड-पोलादपूर हा डोंगराचा मुलूख. इथे सपाट जमीन म्हणजे नदीकाठची खलाटी, बाकी सगळे वरकस. शिवाय महाडचे औद्योगिक क्षेत्र रेल्वेमार्गापासून दूर आहे. तिथल्या बंद कारखान्यापर्यंत रूळ न्यायचे तर जोडमार्ग टाकावा लागेल आणि तो जोडमार्ग पुन्हा शेतकऱ्याच्या भातखाचरातूनच जाईल. म्हणजे बंद कारखान्याची जागा ‘आयती’ मिळाली, तरी तिच्या निमित्ताने नवे भूसंपादन होणारच. हा भाग पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा. सपाट जागा पुराच्या पातळीच्या वर आणायची तर भराव घालावा लागतो, आणि भराव म्हणजे काय हे महाडकरांना शिकवायची गरज नाही. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी महाडच्या परिसरात एकत्र येते आणि दासगावच्या बाजूने खाडीकडे जाते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहर बुडाले, तेव्हा दासगावजवळचा रेल्वेचा भराव पाण्याला अडवतो, तो काढून तिथे मोकळा पूल करा, ही मागणी महाडकरांनी जोराने मांडली. एक भराव काढा म्हणून लोक मागणी करीत असताना दुसरा भराव कुठे घालायचा, याचा विचार पूररेषेचा नकाशा समोर ठेवूनच झाला पाहिजे. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही बळी गेले. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगले होते. दरडीखालच्या वाड्यांना सुरक्षित, सपाट जागा हवी आहे. तेव्हा सपाट जमिनीचा एक तुकडा रिकामा होतो, त्यावर पहिला हक्क वाघिणीचा की डोंगराखाली जीव मुठीत धरून झोपणाऱ्या माणसाचा, हे विचारणे म्हणजे विकासविरोध नव्हे.

तिसरा हिशेब मातीचा. रासायनिक कारखाना बंद होतो तेव्हा त्याचे विष बंद होत नाही. ते टाक्यांच्या तळाशी, गटारात, विहिरीच्या पाण्यात राहते. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरात झाली. त्या कारखान्याच्या आवारात पडलेला ३३७ टन विषारी कचरा बाहेर न्यायला २०२५ चा जानेवारी उजाडला. तोही पीथमपूरच्या लोकांचा विरोध पत्करून. बंद प्लॉटवर खडी पसरून रूळ टाकले की खालची माती कायमची झाकली जाते, आणि पावसाळ्यात तिच्यातून झिरपलेले पाणी शेवटी सावित्रीलाच मिळते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले आहेत. अशा जागेची तपासणी व्हावी आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यावा, हे त्यांचे सूत्र आहे. पण प्लॉट हस्तांतरित होण्याआधी तपासणी झाली नाही तर जुना मालक सुटतो, नवा म्हणतो ‘मी केले नाही’, आणि निस्तरायचे राहते ते नदीकाठच्या वस्तीला.

आता कायद्याकडे वळू. ‘ज्या कामासाठी जमीन घेतली ते काम बंद पडले, तर जमीन आम्हाला परत का नाही?’ हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. उत्तर कटू आहे. एकदा कायद्याने ताबा घेतला की जमीन शासनात निहित होते. तिचा मूळ हेतूसाठी वापर झाला नाही एवढ्यावरून जुना मालक ती परत मागू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नॉर्दर्न इंडियन ग्लास इंडस्ट्रीज विरुद्ध जसवंत सिंग या प्रकरणात सांगितले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने थोडी दारे उघडली. कलम १०१ प्रमाणे पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमी बँकेत परत जाते. कलम ९९ ने हेतू बदलण्यावर बंधन घातले. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत रेल्वे कायदा अपवाद म्हणून बसवला आहे. २०१५ मध्ये मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्याला लागू झाल्या, बाकीचे संरक्षण बाहेरच राहिले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यालाही अपवादात नेले. म्हणजे जमीन एमआयडीसीची असो की रेल्वेची, दोन्हीकडून कायद्याचे कवच पातळच.

यातही आपला माणूस आणखी मागे असतो. मोबदला मिळतो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला त्यालाच, दाखल्यावरची नोकरीही त्यालाच. कोकण रेल्वेच्या भरतीतही ज्यांची जमीन गेली त्यांना प्राधान्य आहे, आणि ते असायलाच हवे. पण ज्याची जमीन कधी होऊच दिली नाही त्याचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तो याच जमिनीवर राबणाऱ्यांसाठी. राबणारा एक आणि कागदावर दुसरा, हा खोतीचा वारसा कोकणातून पुरता गेलेला नाही. २०१३ च्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात काम करून जगणारे शेतमजूर, कुळे, कारागीरही येतात. बौद्ध वाडीतला भूमिहीन आणि कातकरी वाडीतला मजूर या व्याख्येत बसतो. पण सर्वेक्षणाच्या दिवशी त्याचे नाव लिहून घ्यायला कोणी उभे नसेल तर ती व्याख्या पुस्तकातच राहते.

चौथा आणि सर्वांत मोठा हिशेब नोकऱ्यांचा. याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. रसायनीचा हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा केंद्र सरकारचा कारखाना. कंपनी १९६० साली स्थापन झालेली. सरकारी कारखाना म्हणजे आरक्षण, कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, मुलांचे शिक्षण. १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाचे इंधन बनवणारा विभाग ‘इस्रो’कडे, सुमारे ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमकडे, आणि कामगारांच्या हाती स्वेच्छानिवृत्ती. पुढे २०२२ मध्ये भारत पेट्रोलियमने रसायनीत तेलसाठवणुकीच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. साठवणुकीच्या आगारात टाक्या, नळ आणि मोजयंत्रे जास्त, माणसे कमी. जमीन तेवढीच, पण तिच्यावर जगणारी घरे किती उरतात?

रेल्वेच्या यार्डाचेही असेच होणार. रेल्वेने स्वतः भरती केली तर अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के जागा द्याव्या लागतात. तेच यार्ड कार्गो टर्मिनल म्हणून खासगी चालकाकडे गेले की आरक्षण संपले. क्रेन चालवणारा एका ठेकेदाराचा, पहारेकरी दुसऱ्याचा, हमाल तिसऱ्याचा. आणि कंत्राटी पद्धतीला बंदी झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या ‘सेल’ प्रकरणात सांगून टाकले आहे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा आपण विसरतो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरही होऊ देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. आरक्षणाने ती भिंत फोडली. गँगमनचा मुलगा गार्ड झाला, मुलगी कार्यालयात बसली. आता भिंत पुन्हा बांधायला विटाळाची गरज नाही, ठेक्याचा कागद पुरतो.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, महाडच्या कोणत्याही बंद प्लॉटचा वापर बदलण्याआधी मातीची आणि भूजलाची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने करावी आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. दुसरी, जोडमार्गासह सगळ्या कामाचा नकाशा पूररेषेवर ठेवून दाखवावा. जिथे भराव लागेल तिथे खांबांवरचा पूल धरावा. तिसरी, बाधितांच्या यादीत भूमिहीन, कुळे आणि कातकरी यांची नावे ग्रामसभेत वाचून नोंदवावीत. चौथी, यार्ड खासगी चालकाला द्यायचाच असेल तर महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील तरुणांचा वाटा आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण करारातच अट म्हणून लिहावे. करार झाल्यावर केलेली विनंती म्हणजे अर्ज, करारात लिहिलेली अट म्हणजे हक्क.

हे होणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने दादरकडे पाहावे. इंदू मिल ही बंद गिरणीचीच जमीन होती, साडेबारा एकर. तिचे काय करायचे हे बाजाराने ठरवले असते. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक आत शिरले, एका वर्षाने, ५ डिसेंबर २०१२ रोजी केंद्र सरकारने ती जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्याची घोषणा केली. शेजारच्या कितीतरी गिरण्यांच्या जमिनीवर मात्र मॉल आणि टॉवर उभे राहिले. फरक संघटित लोकांचा होता. स्मारकासाठी जी ताकद एकवटली ती नोकरीसाठी, मातीसाठी, पाण्यासाठी का एकवटू नये?

चवदार तळ्याचा धडाही हाच आहे. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच ठराव करून तळे अस्पृश्यांना खुले केले होते. तीन वर्षे तो ठराव कागदावर पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी लोक तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावात जीव आला, आणि तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे लढून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. भूसंपादनाच्या कायद्यातली कलमे आज त्या ठरावासारखीच पडून आहेत. दरवर्षी २० मार्चला लाखो पावले महाडला येतात. त्यांतली काही पावले दुसऱ्या दिवशी एमआयडीसीच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन जावीत. किती प्लॉट बंद आहेत, कोणाच्या नावावर आहेत, मूळ जमीन कोणत्या गावची होती, वापर बदलाचे किती प्रस्ताव आहेत, एवढे चार प्रश्न पुरेत. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. जयभीम!