सावध ग्राहक, निर्धास्त बँक

1 एप्रिल 2026 पासून एसएमएसवरच्या ओटीपीची सद्दी ओसरू लागली. तो बंद झालेला नाही, पण ओळख पटवायला त्याहून भक्कम मार्गही वापरा, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्येच दिल्या होत्या. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आम्हाला वर्षानुवर्षं घोकायला लावणाऱ्यांनाच आता तो अपुरा वाटतो. पैसे गेलेल्या ग्राहकाकडे मधल्या काळात ज्या नजरेनं पाहिलं गेलं, तिचा हिशेब त्यामुळे मांडायलाच हवा.

सुरुवातीची वर्षं उरकून टाकू. ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला जादा पासवर्ड लागू लागला, 2011 मध्ये कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस सक्तीचा झाला, डिसेंबर 2013 पासून दुकानातही डेबिट कार्डाचा पिन दाबावा लागू लागला. दुकानदार कुरकुरले, आपणही कुरकुरलो. पण कुलूप बसवायचं काम तेव्हा बँकेचं होतं, हे विसरू नये.

खरं रामायण 2016 पासूनचं. त्या ऑक्टोबरात सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचं उघड झालं. एटीएम सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत व्हायरस शिरला होता, खातेदारांचा त्यात काडीचा दोष नव्हता. कार्डं बदलून मिळेपर्यंत 8 नोव्हेंबर उजाडला, नोटाबंदी आली आणि ज्यांनी आयुष्यभर स्लिप भरूनच पैसे काढले होते, त्यांना एका रात्रीत डिजिटल व्हायला सांगितलं गेलं.

6 जुलै 2017 ला रिझर्व्ह बँकेने काढलेलं परिपत्रक मात्र प्रत्येक शाखेत भिंतीवर लावावं असं होतं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला एक रुपयाचीही झळ नाही. चूक दोघांचीही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही नाही. दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे, ग्राहकाचा दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेची.

हे भिंतीवर कुठे दिसलं? माझ्या बँकेत दिसले विम्याचे फलक. एका नातलगाची तक्रार घेऊन तिथे गेलो, तेव्हा अर्ज पुढे सरकवण्याआधीच साहेबांनी विचारलं, ‘ओटीपी कुणाला दिलात?’ परिपत्रकाचं नाव काढताच ते ‘हेड ऑफिसला विचारावं लागेल’वर आले.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2018 मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत 94 कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली, काही कोटी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला पोचले. एकाही खातेदाराने ओटीपी दिला नव्हता. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही, हे बरंच झालं. पण बँक लुटली जाते तेव्हा तो ‘सायबर हल्ला’ आणि ग्राहक लुटला जातो तेव्हा ‘निष्काळजीपणा’, हा भेद तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पुढे काही चांगलंही झालं. ऑक्टोबर 2020 पासून कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू-बंद करणं आपल्या हातात आलं. 2022 पासून दुकानदारांना कार्डाचा नंबर साठवायला बंदी झाली. 1930 हा हेल्पलाइन क्रमांक मिळाला. मग चोरांनी कार्डाचा नाद सोडून माणसालाच धरलं. आधी जामतारा छापाचे ‘केवायसी संपलंय’वाले फोन, मग ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अटकेची धमकी. इथे घाबरलेला माणूस स्वतःच आरटीजीएस करतो आणि 2017 ची ढाल गळून पडते, कारण व्यवहार ‘अनधिकृत’ ठरत नाही.

अशा वेळी हवा असतो काउंटरपलीकडचा ओळखीचा माणूस, ‘काका, मुदत ठेव मोडून एवढी रक्कम कुणाला पाठवताय?’ असं विचारणारा. 2024 मध्ये हैदराबादला स्टेट बँकेच्या शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी हेच विचारून एका ज्येष्ठ खातेदाराचे लाखो रुपये वाचवले. ती बातमी झाली, यातच सगळं आलं. एके काळी हा प्रश्न रोज विचारला जायचा. आता तो विचारणाऱ्यांना विमा आणि म्युच्युअल फंडाचं टार्गेट असतं.

न्यायालयांनी अधूनमधून कान पिळले. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीचे 76 लाखांहून अधिक रुपये परत करायचा आदेश बँकेला दिला, तो याच परिपत्रकाच्या आधारे. पण साठ हजार गेलेला पेन्शनर उच्च न्यायालयात कधी पोचणार?

आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही. लुटलेला पैसा हवेत विरत नाही, आधी तो कुठल्या तरी खात्यात जमा होतो. ते खातंही एखाद्या बँकेनेच उघडलेलं असतं. आमच्याकडून ठरावीक काळाने आधारची झेरॉक्स मागणाऱ्या बँकांनी तिथे कुणाचं केवायसी केलं होतं? ग्राहकाला सावध राहायला सांगण्याआधी त्या बँकेकडून भरपाई घ्यायचा नियम करा. सावधपणा आपोआप पसरेल.